गाण्यात लावलेली घोडी

शनिवारी शर्यत झाली, आणि तेव्हापासून आमच्या घरात कुणी धड बसलं नाही. मी चुलीपाशी बसले की उठायची, उठले की दारात जायची, दारातून खालची पायवाट बघायची. पायवाटेवर कुणी नसायचं. नुसता वारा. जुलैचा वारा, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळ्याचा, वरच्या डोंगरावरच्या बर्फाला जीभ लावून आलेला. तेफो, माझा नवरा, आमच्या लिफोचा बाप, भिंतीला टेकून लगामाला तेल लावायचा. तोच लगाम, तेच तेल, दिवसातून तीनदा. आणि दगडी कुंपणाच्या वाडग्यात आमची घोडी सेफेफो फेऱ्या घालायची. सेफेफो म्हणजे वादळ. चार दिवसांत तिने वाडग्याच्या कडेकडेने चांगली रुळलेली वाट पाडली होती.

"ही का फिरतेय गं सारखी?" तेफो विचारायचा.

"तिलाच विचार, लिफोच्या बापा. गाण्यात तूच लावलीस ना तिला?"

मग पुन्हा तेलाचा बोळा, पुन्हा लगाम.

गाण्याचं आधी सांगायला हवं. आमच्याकडे शर्यत टापांनी सुरू होत नाही, तोंडाने सुरू होते. ज्याचा त्याने आपला घोडा धरून उभं राहायचं, खांद्यावरचं ब्लँकेट मागे टाकायचं आणि घोड्याची थोरवी गायची. ती ऐकल्याशिवाय लोक कुणाला पळू देत नाहीत. आणि थोरवी गावी तर तेफोने. शेतात त्याचा हात चालत नाही, मेंढरांत त्याचा जीव रमत नाही. पण आसपासच्या तीन खोऱ्यांत कुणाचं दफन असो की कुणाचं लग्न, निरोप आमच्याच दाराशी यायचा: तेफोला पाठवा. मेलेल्या माणसाबद्दल तो चार ओळी बोलला की त्या घरातली माणसं त्या ओळी ब्लँकेटासारख्या पांघरून वर्षं काढायची.

सेफेफोचं गाणं तर मला पाठ. सहा वर्षं चुलीपाशी ऐकलेलं.

सेफेफो गं माझी, ढगाची थोरली लेक
तिच्या टापेखाली दगडाला फुटे हाक
सेफेफो गं माझी, वारा तिचा धाकटा भाऊ
धापा टाकी मागे, म्हणे, ताई, नको धावू

एवढंच गाणं होतं. एवढंच राहिलं असतं तर बरं. पण शनिवारी दुकानाखालच्या माळावर माणसं फार जमली होती, ज्वारीच्या बिअरचे डबे हातोहात फिरत होते, समोर सेलेबालो आपल्या राखाडी घोड्याची मान थोपटत उभा होता, आणि गर्दी ओरडत होती, "अजून, तेफो, अजून!" तेफोची मान वर गेली. त्याच्या गळ्याची शीर ताठ झाली की मला कळतं, आता हा कुणाचा नाही. त्याने दोन ओळी वाढवल्या.

हिला टाकील मागे, असा असेल जो कोणी
माझ्या हातानं बांधीन त्याच्या दारी माझी राणी

लोक हसले, बायकांनी जिभा हलवून लांबलचक किलकारी घातली. हसला नाही तो सेलेबालो. तो आणि तेफो लहानपणी एकाच कुरणावर मेंढरं राखत, एकाच ब्लँकेटाखाली निजत. त्याने हात वर केला.

"ऐकलंत ना सगळ्यांनी? तेफोने शब्द टाकलाय. मग माझाही घ्या. माझा राखाडी हरला तर माझ्या बारा अंगोरा शेळ्या तेफोच्या."

तेफोने तेव्हाच म्हणायचं होतं, अरे, ते गाणं होतं. म्हणाला नाही. हसला, आणि घोडीवर बसला.

पोप्लरच्या झाडांना वळसा घालून परत, एवढी शर्यत. झाडांपर्यंत सेफेफो दोन घोड्यांच्या लांबीएवढी पुढे होती. परतताना ओढ्याच्या उतारात बर्फाचा पातळ पापुद्रा होता, तिचा पुढचा डावा पाय सरकला, ती सावरली. पण तेवढ्यात राखाडी मानभर पुढे निघून गेला. लोक राखाडीकडे धावले. मी ब्लँकेटची पिन घट्ट करत जिथल्या तिथे उभी. तेफो खाली उतरलाच नाही. तसाच घोडीवर बसून, कुणाकडे न बघता, घरी निघून आला. चालत मागून आले ती मी.

माझं दुखणं वेगळं होतं. गावची औषधं पोचवायचं काम माझ्याकडे. खालच्या दवाखान्यातून गोळ्या आणायच्या आणि डोंगरावरच्या सात वस्त्यांत ज्याच्या त्याच्या हातावर ठेवायच्या, घेतल्यात ना हे बघायचं, ठरवलेल्या तारखेला पुन्हा जायचं. सेफेफोच्या पाठीवर ती फेरी एका दिवसात होते. पायी तीन दिवस, आणि बर्फ असला तर होतच नाही. घोडी तेफोच्या नावावर होती खरी, पण तिच्या टापा माझ्या होत्या. त्या लावताना मला कुणी विचारलं नव्हतं.

मंगळवारी पायवाटेवर माणसं दिसली. सेलेबालो आणि बरोबर दोन म्हातारे. शिष्टाचाराने आले, "खोत्सो, या घराला शांती असो," म्हणाले, मी दिलेली बिअर प्यायले, मक्याचं पीक आणि मेंढरांची खरूज यांच्यावर बोलले. मग सेलेबालोने डबा खाली ठेवला.

"तर कधी आणून बांधतोस?"

"काय?" तेफो म्हणाला.

"बोकड. अरे, घोडी!"

"ते गाणं होतं, सेलेबालो."

"गाणं होतं?"

"गाण्यात माणूस काय काय म्हणतो. मी वाऱ्याला तिचा धाकटा भाऊ म्हटलं. म्हणून वारा काय माझा मेहुणा झाला?"

एका म्हाताऱ्याला हसू आलं, त्याने ते ब्लँकेटात दाबलं. सेलेबालो उठला. त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"बरं. मग मोरेनापुढे जाऊन हेच सांग. सगळ्यांपुढे सांग, की तेफोच्या तोंडून जे निघतं ते गाणं असतं, शब्द नसतो. मी ऐकायला येईन."

ते गेले. तेफोने लगाम उचलला, खाली ठेवला, परत उचलला. वाडग्यात टापा वाजत राहिल्या.

मोरेना म्हणजे आमच्या गावची प्रमुख. तिची चावडी शुक्रवारी. मध्ये बुधवार होता, आणि बुधवारी दवाखान्याच्या ओसरीवर लिनेओ बसते. लिनेओ जिल्ह्याच्या गावाहून येते, पैसे न घेता कायद्याचा सल्ला देते. तरुण मुलगी, बोटांना शाई, बोलायला तिखट, पण मला आउसी म्हणते, म्हणजे ताई. गोळ्यांची पिशवी खोगिराला बांधली आणि मी तिच्या बाकावर जाऊन बसले. बसले कसली, टेकले. सगळं सांगितलं.

"पैज होती का?" तिने विचारलं.

"हा म्हणतो गाणं होतं. तो म्हणतो शब्द होता."

"गाणं असेल तर काही प्रश्नच नाही. गाण्यावरून कोण कुणाची घोडी नेतं?" तिने पेनचं टोपण दाताखाली धरलं. "आणि पैज असेल, तरीही प्रश्न नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पैजेपुढे कायदा कानांत बोटं घालतो, आउसी. हरलेल्याने दिलं नाही, तर जिंकलेल्याला वसूल करून देत नाही. आणि हरलेल्याने देऊन टाकलं, मग रडत आला, तर त्यालाही परत मिळवून देत नाही. दोघांनाही म्हणतो, खेळ तुमचा, निस्तरा तुमचं तुम्ही. परवाना काढून जुगाराचा धंदा करतात त्यांची गोष्ट वेगळी. पण तुमच्या त्या पोप्लरच्या झाडांना कुणी परवाना दिलाय?"

मी हसले. चार दिवसांत पहिल्यांदा.

"म्हणजे घोडी राहील?"

"राहील. एकच सांभाळा. त्याच्या हातात देऊ नका. घाबरून नको, लाजून नको. एकदा आपल्या हाताने दिली, की गेली. मग माझ्याकडे येऊ नका."

परतताना सेफेफोला मी हाकललीच नाही, तिच्या चालीने चालू दिली. तिच्या मानेवर हात ठेवून म्हटलं, "राहिलीस गं बाई." तिने कान मागे वळवले. तिला पटलेलं दिसलं नाही.

तेफोला सांगितलं तर तो खूश होईल असं मला वाटलं होतं. त्याने मक्याच्या उकडीचा घास हातातच ठेवला.

"म्हणजे ते गाणं असलं तरी घोडी माझी. आणि शब्द असला तरी घोडी माझी."

"हो."

"मग ते गाणं होतं का शब्द, हे कोण सांगणार?"

"त्याची कायद्याला गरज नाही म्हणाली ती."

"हं," तो म्हणाला. घास परत ताटात ठेवला आणि बाहेर गेला. किती वेळ अंगणात त्याच्या गमबुटांचा आवाज येत होता, तीन पावलं तिकडे, तीन पावलं इकडे. वाडग्यात ती, अंगणात हा. मधे मी, कुणाकुणाच्या फेऱ्या मोजू?

शुक्रवारी चावडीपुढच्या उन्हात सगळं गाव बसलं. आमची मोरेना म्हणजे मामोसाबाई. नवरा गेल्यापासून गादी तीच सांभाळते. विणलेली टोपी, प्लॅस्टिकची खुर्ची, मांडीवर वही. तिने दोघांची नावं वाचली आणि चष्मा खाली केला.

"थांबा जरा, मला नीट समजू द्या. तेफो म्हणजे फेड. सेलेबालो म्हणजे विसर. आणि फेड म्हणतोय, विसरून जाऊ. विसर म्हणतोय, फेडून टाक. तुमच्या आयांनी बारशाला पाळणे तर बदलले नाहीत ना?"

लोक एवढे हसले की कुणाची तरी कोंबडी उडून भिंतीवर बसली. तेफोही हसला, ओठांनीच. सेलेबालो उभा राहिला तसं हसू विरलं.

"मोरेना, शर्यत सगळ्यांनी बघितली, ते मी सांगत नाही. मला एकच विचारायचंय. माझा बाप गेला तेव्हा तुम्ही सगळे होतात. मोठ्या बर्फाच्या वर्षी माझा बाप तीन दिवस खिंडीत होता. स्वतःचं ब्लँकेट कोकरांवर टाकून उघडा बसला आणि एकही कोकरू न गमावता खाली आला. हे कुणी बघितलं? मी नाही. मी तेव्हा दूर खाणीत होतो. आईने नाही. तो बर्फ आम्ही तेफोच्या तोंडून बघितला. थडग्यापाशी उभा राहून त्याने तो गायला, आणि तेव्हापासून माझा बाप म्हणजे तो बर्फ, ते ब्लँकेट." तो तेफोकडे वळला. "आता हा म्हणतोय, गाण्यात माणूस काय काय म्हणतो. तर एवढं विचारा त्याला, तो बर्फ पडला होता का?"

मला वाटलं होतं, भांडण एका घोडीचं आहे.

मोरेनाने तेफोकडे बघितलं. "बोल."

तेफो उभा राहिला. ज्याच्या तोंडी ओळीवर ओळ येते, तो माझा नवरा ब्लँकेटची कड बोटांत चुरगाळत होता. त्याने "गाणं" म्हटलं तर सेलेबालोचा बाप पुन्हा मरणार होता, या वेळी ब्लँकेटाशिवाय.

"बर्फ पडला होता," तो म्हणाला. "तुझ्या बापाने मला स्वतः सांगितलं, एकदाच, तेही लाजत. मी एक शब्द वाढवला नाही." मग थांबला. "आणि शनिवारी मी जे बोललो, तेही गाणं नव्हतं. शब्द होता. मी लावली घोडी. मी हरलो."

गर्दीत एक सुस्कारा फिरला, वारा गवतातून फिरतो तसा. मोरेनाने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं.

"मग ती पैज झाली," ती म्हणाली. "आणि पैज असेल तर मी माझी वही मिटली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मी पत्त्यांच्या डावातली दोन मेंढरं वसूल करून दिली होती. वरच्या कोर्टाने माझा निकाल उलटवला आणि वर मला सुनावलं. पैजेचं देणं ही चावडी वसूल करणार नाही. घोडी ज्याच्या वाडग्यात आहे त्याच्या वाडग्यात. सेलेबालो, तुला काही म्हणायचंय?"

"नाही, मोरेना," सेलेबालो म्हणाला. टोपी घातली आणि आमच्या समोरून निघून गेला. वाटेत बोलणं नाही, थुंकणं नाही, काही नाही.

तर घोडी राहिली. मी जिंकले. त्या रविवारी मी सगळं घर शेणाने सारवलं, हात थकेपर्यंत, कारण थांबले की काहीतरी आठवायचं.

कुणी आमच्याशी वाईट वागलं असतं तर बरं होतं. कुणी वागलं नाही. नुसती थट्टा सुरू झाली. दुकानात साखर संपली होती, दुकानदार मला, लिफोच्या आईला, अदबीने म्हणाला, "परवा येईल, म्मे मालिफो. गाणं नव्हे हो, शब्द!" आणि दुकानातले सगळे खिंकाळले. पाणवठ्यावर पोरी एकमेकींना विचारायच्या, "संध्याकाळी येतेस? गाणं का शब्द?" वरच्या वस्तीत एक म्हातारं माणूस गेलं. निरोपाची वाट बघत तेफोने सकाळीच दाढी केली होती. निरोप आला नाही. नंतर कळलं, नातवाने फोनवर लिहून आणलेली थोरवी वाचली, आणि मधेच फोनची बॅटरी गेली. लोक म्हणाले, चालतंय.

तेफोचं तेल लावणं चालूच होतं. लगाम आता एवढा मऊ झाला होता की हातात मासोळीसारखा सळसळायचा.

दुसऱ्या आठवड्यात माझी फेरी आली. चौथं घर मासेलेबालोचं, म्हणजे सेलेबालोच्या आईचं. क्षयाचे उपचार चालू होते. सहा महिन्यांतले चार झाले होते. सुरुवातीला तिला उचलून बसवावं लागे, आता दारात येऊन बसायची. त्या दिवशीही बसली होती, भिंतीला पाठ लावून, उन्हात. सेफेफोला तिने बघितलं, माझ्याकडे बघितलं, हात पुढे केला. मी पुढच्या फेरीपर्यंतची पुडी उंबऱ्यावर ठेवली आणि त्या दिवसाच्या गोळ्या तिच्या तळहातावर.

"अजून किती, पोरी?"

"दोन महिने, म्मे. एक दिवस चुकवू नका. बरं वाटायला लागलं की लोक सोडतात, तसं करू नका. पुऱ्या केल्यात की बऱ्या व्हाल."

"हं." तिने गोळ्यांकडे बघितलं. मग मान वर करून, लहान मूल विचारतं तसं विचारलं, "हे गाणं का शब्द?"

मी तिच्या डोळ्यांत थट्टा शोधली. असती तर मी हसून सोडून दिलं असतं. नव्हती. म्हातारीला खरंच जाणून घ्यायचं होतं. या घराचे शब्द कोणत्या जातीचे असतात ते.

"शब्द, म्मे," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. आणि मूठ मिटली. "घेते मग. तू जा, तुला लांब जायचंय."

एरवी मी गोळ्या पोटात गेल्याशिवाय हलत नाही. त्या दिवशी घ्या म्हणायचं धैर्य होईना. घोडीवर बसले. पुढच्या तीन घरी गेले, गोळ्या दिल्या, तेच बोलले: रोज घ्या, बऱ्या व्हाल, बरे व्हाल. माझं मलाच ऐकू येत होतं. खाली टापा वाजत होत्या, खट खट, खट खट, आणि प्रत्येक टाप विचारत होती, गाणं का शब्द, गाणं का शब्द. ज्या पाठीवर बसून मी शब्द वाटत फिरत होते, ती पाठच दुसऱ्याची होती, आम्ही दाबून ठेवलेली.

घरी पोचले तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. तेफो तिथेच, तेलाचा बोळा हातात.

"लिफोच्या बापा, पुरे ते तेल," मी म्हटलं. मी खाली उतरलेही नव्हते. "चल."

"कुठे?"

"तुझ्या ओळीत काय म्हटलंयस? कुणाच्या दारी?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं तो म्हणेल, मग तुझ्या वस्त्यांचं काय, बर्फात काय करशील. म्हणाला असता तर मी कदाचित मागे फिरले असते. फक्त त्याचा हात थांबला. मग उठून त्याने सेफेफोच्या कपाळावरची माती पुसली.

"तू खरंच हो म्हणतेस?"

"मी रागाने म्हणतेय. पण म्हणतेय."

मी उतरले, आणि दावं दोघांनी धरलं. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. पाणवठ्यावरच्या पोरींनी घागरी खाली ठेवल्या. एकीने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, दुसरीने तिला कोपर मारलं.

सेलेबालो वाडग्याच्या पडलेल्या भिंतीचे दगड रचत होता. आम्हाला बघून हातातला दगड हातातच राहिला.

"कायद्याने तू काही देणं लागत नाहीस," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," तेफो म्हणाला.

"आणि दिलीस तर परत मागता यायची नाही."

"तेही ठाऊक आहे. मालिफोने आधीच विचारून ठेवलंय."

"बाई माझ्यापेक्षा तयारीची." सेलेबालोने दगड खाली ठेवला, हात पँटला पुसले, पण पुढे केले नाहीत. दारापाशी खुंट होता. तेफो त्याच्यापर्यंत गेला, वाकला आणि आपल्या हाताने दावं बांधलं. गाठ मारायला त्याला फार वेळ लागला. आम्ही तिघंही त्या गाठीकडे बघत राहिलो.

दारातून म्हातारीचा आवाज आला, "पाणी आणा गं कुणी. गोळ्या घ्यायच्यात."

मी आत जाऊन पाणी आणलं. तिची मूठ अजून मिटलेलीच होती. गोळ्या तिच्या घामाने ओलसर झाल्या होत्या.

बाहेर आले तर सेलेबालो सेफेफोचा पुढचा डावा पाय उचलून खूर बघत होता, ओढ्यात सरकला तोच. आता मला जे करायचं होतं ते चालताना सगळ्या वाटेवर मी घोकलं होतं, तरी ओठांवर येईना. आमच्याकडे एक रीत आहे, माफिसा म्हणतात. ज्याचं जनावर असतं तो ते दुसऱ्याकडे राखणीला ठेवतो. दूध तू घे, पाठ तू वापर, पण जनावर माझं. श्रीमंत गरिबांना देतात. मागायला जायचं म्हणजे मान खाली घालून जायचं असतं.

"न्ताते सेलेबालो," वडीलधाऱ्याला म्हणतात तसं मी मानाने म्हटलं, "ही घोडी..." आणि अडकले. एकच शब्द होता. गिळला तर आत काटे, बोलला तर बाहेर. "ही तुमची घोडी मला माफिसावर द्या. सात वस्त्यांच्या गोळ्यांसाठी."

तेफोने मान वळवली.

"शर्यतीला मी नेणार," सेलेबालो म्हणाला.

"न्या."

"शिंगरू झालं तर माझं."

"तुमचं."

"आणि मेली, तर कातडं आणून दाखवायचं. रीतीप्रमाणे. ओळख पटली पाहिजे."

"आणून दाखवीन."

त्याने पाय खाली सोडला. "चार दिवस इथे राहू दे मग. माझ्या दारात. लोकांना येता-जाता बघू दे. नंतर न्या."

चार दिवस मी पायी फिरले. चौथ्या दिवशी टाचा फुटल्या, पण पाणवठ्यावर कुणी काही विचारलं नाही. मग घोडी परत आली. त्याच वाडग्यात, त्याच गवतावर. तिने कडेकडेने पाडलेली वाट अजून तशीच आहे, पण ती आता तिच्यावरून फिरत नाही. मधोमध उभी राहून निवांत चघळत असते. तिचं तिला कळलंय.

फिरतो तो तेफो. पुढच्या महिन्यात माळावर पुन्हा शर्यत आहे, आणि सेलेबालोने निरोप पाठवलाय: माझ्या घोडीची थोरवी तेफोनेच गावी. तेव्हापासून हा अंगणात आहे, तीन पावलं तिकडे, तीन पावलं इकडे. गाणं जुनंच, एकच शब्द बदलायचाय. 'माझी' काढायचं, 'त्याची' घालायचं. मात्रा चुकत नाही, चाल मोडत नाही, मी स्वतः बोटांवर धरून पाहिलं.

"सेफेफो गं..." तो म्हणतो, आणि थांबतो. वळतो, पुन्हा तिथून सुरुवात करतो. "सेफेफो गं..."

चुलीपाशी मी हातातला डाव तसाच धरून उभी राहते. उकड खाली लागायला लागलीय, वास यायला लागलाय, तरी ढवळत नाही. ऐकत राहते, पुढचा शब्द येतोय का.